‘पाहिलं’च्या रकान्यातली सही

त्या कार्यालयात कुठलंही जोखमीचं काम एकट्यानं करायचं नाही, असा दंडक होता. एकानं करायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मग छापील कागदावर दोघांनी सह्या करायच्या. करणाऱ्यानं ‘केलं’च्या रकान्यात, बघणाऱ्यानं ‘पाहिलं’च्या. याला सगळे चार डोळ्यांचा नियम म्हणत. कुलूपकाका म्हणत, त्यातले दोन माझे, तेही चष्म्याचे, म्हणजे भरवशाचे धरायचे तर दोनच.

कंपनीचं काम म्हटलं तर पोस्टाचं. बँका आणि विमा कंपन्या एकमेकांना निरोप पाठवतात, हे करा, ते थांबवा, याला मान्यता द्या, ते कुलूपबंद करून इकडून तिकडे पोचवायचे. आत काय लिहिलंय ते कंपनीलाही वाचता यायचं नाही. जपायच्या गोष्टी दोनच होत्या. निरोप हरवता कामा नये, आणि दोनदा जाता कामा नये. नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला काका सांगत, "माणसाला दोनदा सांगितलं तर तो म्हणतो, कळलं हो एकदा. यंत्र तसं म्हणत नाही. दोनदा सांगितलं की दोनदा करून मोकळं."

हे सगळे निरोप ज्या डेटाबेसमध्ये साठत तो तळघरातल्या थंडगार खोलीत, कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांवर होता. बावीस वर्षं काकांनी तो राखला म्हणून त्यांचं नाव कुलूपकाका. आता तो तिथून हलवून एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या ताब्यात द्यायचा होता. दुरुस्ती, राखण, रोजची नक्कल काढून ठेवणं, सगळं त्यांनी बघायचं. स्वतःचं घर सोडून भाड्यानं राहायला निघालोय, असं काका म्हणत. नळ गळला तर आता मालकाला हाक मारायची, बावीस वर्षं मीच पान्हा घेऊन फिरत होतो. बोलताना हसत, पण जिना उतरताना भिंतीवरून हात फिरवत जात.

आणि या कामात काकांच्या शेजारी बसून बघायला नेमली होती ती.

बघण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कागदातली चूक तिला आधी दिसायची, कोणाचा चेहरा उतरलाय हे तिलाच आधी कळायचं. लेक झाल्यापासून तर तिचे डोळे मिटणंच विसरले होते. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्याला दोन महिने झाले होते. छकुली नऊ महिन्यांची. घरी सासूबाई सांभाळत, तरीही हिनं पाळण्यावर एक छोटा कॅमेरा बसवला होता, फोनवरून बघता यावं म्हणून. कार्यालयात कुजबुज होतीच की हिचं अर्धं चित्त घरी असतं. मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, हे जबाबदारीचं काम तिला द्यायला कां-कूं करत होत्या. तेव्हा तीच त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझं लक्ष कुठंही जाणार नाही, एकदा बघा तरी. काकांनीही तिची बाजू घेतली. म्हणाले, ही पोर डोळ्यांत तेल घालून बसते, मला हीच हवी.

स्थलांतर दोन रविवारी करायचं ठरलं. पहिल्या रविवारी निम्म्या बँका, तीन आठवड्यांनी उरलेल्या. रविवारी कामकाज बंद, म्हणून रविवार.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला दोघं तळघरातल्या खोलीत शिरली. दाराशी एक ट्रे असे, त्यात फोन ठेवूनच आत जायचं. तिनं फोन पर्समधून काढला आणि हातातच घोळवत राहिली. काकांना ते दिसलं. नियमाला इतका पक्का माणूस, एकदा खुद्द मॅडमना दारातून परत पाठवलेला, पण तिला म्हणाला, "असू दे तुझ्याजवळ. लेकुरवाळी आहेस. फक्त वाजू देऊ नकोस."

तिला बरं वाटलं. पुढं किती दिवस तेच आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं, ते तेव्हा कुठं ठाऊक होतं.

कागदावर एकेचाळीस पायऱ्या होत्या. काका करत, मोठ्यानं म्हणत, ती स्वतःच्या पडद्यावर बघून ‘पाहिलं’ म्हणे आणि दोघं सही करत. अठरा पायऱ्या अशा बिनघोर झाल्या. एकोणिसावी होती जुने पोस्टमन बंद करण्याची. निरोप बाहेर धाडणाऱ्या प्रोग्रॅमला तिथं पोस्टमन म्हणत. ते दोन होते. मोठा मुख्य यंत्रावर, आणि धाकटा राखीव यंत्रावर, मोठा आजारी पडला तर काम उचलायला. दोघंही बंद झाल्याशिवाय नकलेला हात लावायचा नाही, कारण नक्कल चालू असताना जुन्यानं निरोप पाठवले तर तेच निरोप नंतर नव्या घरातूनही जाणार. धाकटा मुलखाचा हट्टी. एका आज्ञेत कधी ऐकायचा, कधी नाही. ऐकलं की नाही हे काकांच्या पडद्यावर दिसायचं नाही. ते फक्त बघणाऱ्याच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, एका बारीक ठिपक्यात दिसे. चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर राखाडी.

अकरा वाजून वीस मिनिटांनी काकांनी मोठा बंद केला, बंद झाला का विचारलं, तिनं पाहिला. मग त्यांनी धाकट्याला आज्ञा दिली.

त्या क्षणी तिचा फोन टेबलाखाली मांडीवर होता. वाजला नव्हता, थरथरलाही नव्हता. तिनं आपणहून पाहिला होता. पाळण्यात छकुली कुशीवर झोपलेली, एक मूठ गालाखाली. श्वासानं पाठ वर-खाली होतेय का ते त्या एवढ्याशा चित्रात नीट कळत नव्हतं. म्हणून ती चित्र मोठं करून पाठीकडे बघत राहिली.

"धाकटा बंद?" काकांनी विचारलं.

ती बघतच होती. पाठ हलली.

"पोरी, धाकटा बंद झाला का?"

"बंद, काका," ती म्हणाली. मग फोन पालथा घातला, पेन उचललं आणि ‘पाहिलं’च्या रकान्यात सही केली. वळणदार, नेहमीसारखी.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तो ठिपका हिरवाच होता.

नवे निरोप घेणं थांबवायच्या आधी आलेले सहाशे अठरा निरोप रांगेत उभे होते. त्यांची नक्कल नव्या घरी गेली, आणि इकडे धाकट्यानं इमानेइतबारे ते सगळे पोचवून टाकले. एक वाजता नवं घर उघडलं. नव्या पोस्टमननं तेच सहाशे अठरा निरोप नवे क्रमांक घालून पुन्हा पोचवले. क्रमांक नवे, म्हणून पलीकडच्या यंत्रांना ते वेगळेच वाटले. पावणेदोनला पहिल्या बँकेचा फोन आला, मग फोन थांबेनात. ती दोघं आणि आणखी सहा जणं संध्याकाळपर्यंत एकेक निरोप निस्तरत होती, एकेकाची माफी मागत होती. एका बँकेनं तर लेखी कळवलं की असं पुन्हा झालं तर आमचा तुमचा संबंध संपला.

ती घरी आली तेव्हा सासूबाई छकुलीला भरवत होत्या. हिचा चेहरा बघून त्यांनी पाणी दिलं आणि मग सहज चिमटा काढावा तसं म्हणाल्या, "तुझ्या त्या कॅमेऱ्याचा दिवा दहापासून विझला नाही हो. कोणी बघत असलं की लागतो ना तो? मला कळतं. माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर नसो बाई. पण इतकं इकडं बघतेस, तर तिकडचं कोण बघतं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आपला टोमणा मारला होता, नेहमीचा. पण तिनं पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

मंगळवारी चौकशी झाली. मॅडम, एक तपासनीस, काका आणि ती. धाकट्याला आज्ञा एकदाच दिलेली होती, ही नोंद यंत्रात होती. तो ऐकत नसेल तर दुसऱ्यांदा द्यायची हे काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? कागदावर एकोणिसाव्या पायरीला दोन्ही पोस्टमन मिळून एकच ओळ होती आणि तिच्यापुढे दोन्ही सह्या. तपासनीसांनी विचारलं, काका, धाकट्याचं तुम्ही विचारलंत का?

काकांनी कागद जवळ ओढून एकोणिसावी ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "विचारलं असणार. मी नेहमी विचारतो."

"असणार, की विचारलं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नव्हे. रस्ता चुकलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे बघतो तसं. तिनं टेबलाच्या कडेला निघालेल्या पापुद्र्याकडे पाहिलं.

"आठवत नाही," काका म्हणाले.

मग मॅडमनी तिला विचारलं. आणि ती म्हणाली, "मोठ्याचं विचारलं होतं काकांनी. ते मी पाहिलं होतं."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी मान हलवली, तपासनीसांनी लिहून घेतलं. ओळ एकच असल्यामुळं तिची सही मोठ्यापुरती धरली गेली. फोनचा विषय निघालाच नाही. तिच्याखेरीज तो काढू शकणारा माणूस एकच होता, आणि त्यानं तो काढला नाही.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं, फक्त त्यालाच. तो म्हणाला, झालं ते झालं, तू खोटं कुठं बोललीस? काका चार महिन्यांत निवृत्तच होतायत, त्यांचं काय जाणार? तुझं तर सगळं पुढंच आहे. अगदी हेच तिनं स्वतःला येताना वाटेत समजावलं होतं, शब्दाला शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला शिळ्याचा वास आला.

काकांचं काय जाणार, ते तिला दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं.

काकांचा थोरला भाऊ विस्मरणाच्या आजारानं अंथरुणाला खिळला होता. कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं, कारण दर गुरुवारी काका तासभर लवकर निघून त्याच्याजवळ जाऊन बसत. त्याची सुरुवात अशीच झाली होती, गॅस बंद केला का, दार लावलं का, आठवेना. काका ते एकेकाळी हसून सांगत. म्हणत, आमच्या घराण्यात डोकं साठीपर्यंतच चालतं, नंतर नुसतं केस धरायला.

आता ते हसेनात. जिन्यातून खाली गेले की परत वर येऊन दाराचं हँडल ओढून बघत. बोलता बोलता थांबून विचारत, हे मी तुला सांगितलं का? दुसऱ्या रविवारच्या कामातून मला वगळा, असा अर्जही त्यांनी स्वतः नेऊन दिला. मॅडमनी तो ठेवून घेतला. कोणी काकांना काही बोललं नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड वागायला लागले, हळू बोलायला लागले, आणि ते तिला अधिक वाईट दिसत होतं. पूर्वी काकांना कोणीही चिडवायचं. आता कोणी चिडवेना.

ती तोंड लपवत फिरत होती. चहाला दुसऱ्या वेळी जाई, जिन्यात त्यांची चाहूल लागली की पाण्याच्या कूलरपाशी रेंगाळे. चोराच्या मनात चांदणं. काका भेटलेच तर उलट तेच म्हणत, "पोरी, माझ्यामुळं तुझंही नाव कागदावर आलं गं." ती काहीतरी पुटपुटे आणि निघून जाई. मग कपाटामागं उभी राहून कानाच्या पाळ्या गार होईपर्यंत थांबे.

पुढच्या बुधवारी, चौकशीला आठ दिवस झाले तेव्हा, एका फाईलवर काकांची सही हवी होती. ती त्यांच्या टेबलाशी गेली, ते जागेवर नव्हते. फाईल ठेवायला जागा करताना तिला कीबोर्डच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या दिसल्या. काकांचं अक्षर टपोरं, बावीस वर्षं नोंदी ठेवलेल्या माणसाचं. एकीवर लिहिलं होतं, ‘खोलीला कुलूप लावलं – ९.४०. ओढून पाहिलं.’ दुसरीवर, ‘घरी फोन केला.’ तिसरीवर, ‘डबा खाल्ला – १.२०’.

तिनं घड्याळात पाहिलं. पावणेदोन वाजले होते.

डबा खाल्ला हे या माणसाला लिहून ठेवावंसं वाटलं होतं. का, तर तिनं एक वाक्य गिळलं म्हणून. ती फाईल तशीच छातीशी धरून तिथंच उभी राहिली. पाय निघून जा म्हणत होते, आणि एरवी तिनं त्यांचं ऐकलं असतं. पण काका रुमालाला हात पुसत आले, तिला बघून खुर्ची ओढून दिली, आणि चिठ्ठ्यांवर चटकन पंजा ठेवला. त्यांनाही लाज वाटत होती. तिच्यासमोर. ते मात्र तिला सहन झालं नाही.

"काका, तुम्ही विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"धाकट्याचं. दोनदा विचारलंत. आधी म्हणालात, धाकटा बंद? मी बोलले नाही. मग म्हणालात, पोरी, धाकटा बंद झाला का? मी बंद म्हणाले. मी पाहिलं नव्हतं. मी फोनमध्ये बघत होते."

काकांचा पंजा चिठ्ठ्यांवरून निघाला. ते खाली बसले.

"परत सांग," ते म्हणाले.

तिनं परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, त्यांचेच शब्द, त्याच क्रमानं, आणि तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. घरात हरवलेली वस्तू हाताला लागावी तसा त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. एवढ्यानं तो माणूस दहा वर्षांनी तरुण दिसला, आणि क्षणभर तिलाही वाटलं की सुटले.

मग तो चेहरा मिटला.

"आठ दिवस," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "गुरुवारी थोरल्याजवळ बसलो होतो. त्याला घास भरवत होतो आणि मनात म्हणत होतो, नीट बघून ठेव, हे तुझंच चाललंय. बायकोला कागदपत्रं कुठं आहेत ते दाखवलं. ती रडली. मोरीत उभा राहून एकोणतीसचा पाढा म्हणतोय मी रोज सकाळी. चुकत नव्हता, तरी म्हणतोय."

ती उभीच होती. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून ठेवले होते, ते त्या पाढ्यापुढं काढायची लाज वाटली.

काकांनी चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या, एकावर एक ठेवल्या. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "छकुली काय करत होती? रडत होती? पडली होती?"

"नाही."

"मग?"

"झोपली होती, काका. काही करत नव्हती. नुसती झोपली होती."

काकांनी दोनदा मान हलवली. मग मॅडमच्या दाराकडे बोट केलं.

मॅडमसमोर तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं. फोन मांडीवर होता हे सांगितलं, काकांनी तो ठेवू दिला हे मात्र सांगितलं नाही. म्हणाली, मी लपवून नेला. एवढं एक खोटं ती जाणूनबुजून बोलली, आणि आठ दिवसांत त्याच एका गोष्टीची तिला लाज वाटली नाही. मॅडम रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की तुला घ्यायला नको असं मी म्हणत होते तेव्हा मलाच वाईट वाटत होतं, एका आईवर अन्याय करतेय म्हणून. पुढं ज्या आया माझ्याकडे काम मागायला येतील त्यांच्याकडे मी कशी बघू, ते तूच सांग. ‘पाहिलं’च्या रकान्यात सही करायचा तिचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. काकांचा अर्ज मॅडमनी खणातून काढून त्यांना परत दिला, आणि चौकशीचा कागद नव्यानं लिहिला गेला.

दुसऱ्या रविवारी काका खोलीत होते आणि शेजारी दुसरंच कोणी बसलं होतं. ती घरी होती. छकुली पाळण्यात झोपलेली, ही पाळण्याशीच बसलेली. सासूबाईंना तिनं आदल्या रात्री सगळं सांगून टाकलं होतं. टोमणा येईल म्हणून वाट बघत राहिली होती, पण तो आला नाही. फक्त सकाळी स्टुलावर चढून त्यांनी कॅमेऱ्याची वायर काढली आणि गुंडाळून तिच्या हातात दिली. लेकीची पाठ आता हातभर अंतरावर वर-खाली होत होती. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. अकरा वीसला ती उठून उभी राहिली, उगाचच, आणि पंचवीस झाले तेव्हा बसली.

सोमवारी सकाळी जिन्यात काका समोरून आले. कूलरपाशी पळायची सवय अजून पायात होती, पण ती थांबली. काकाही थांबले. हातात तळघराच्या खोलीची किल्ली होती, आता कशालाच न लागणारी.

"सगळं व्यवस्थित पार पडलं," ते म्हणाले. "धाकट्यानं पहिल्यांदा ऐकलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर बंद झाला. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं."

या कार्यालयात आल्या दिवसापासून काकांनी तिला तू सोडून काही म्हटलं नव्हतं. रागावतानाही पोरीच म्हणायचे.

"बरं झालं, काका," ती म्हणाली.

काकांनी भिंतीकडे सरून तिला आधी जायला वाट दिली, पाहुण्याला देतात तशी, आणि ती खालमानेनं वर चढली.